दंड कोणाच्या खिशातून?

न्यायालयाने सरकारला झापलं की आपल्याला बरं वाटतं. ताशेरे ओढले, खरडपट्टी काढली, दंड ठोठावला. मथळा वाचून समाधान होतं. तो दंड भरला कोणी, हे बातमीत कुठेच नसतं.

असायला हवं. कारण तो तुम्ही-आम्ही भरलेला असतो.

महापालिकेला दंड झाला की पैसे मालमत्ता करातून जातात, मंत्रालयातल्या खात्याला झाला की तिजोरीतून. ज्याने फाइल दाबून ठेवली त्याचा पगार एक तारखेला पूर्ण जमा होतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार इतका अंगवळणी पडलाय, की यात काही चुकतंय असं कोणाला वाटेनासं झालंय.

सर्वोच्च न्यायालयाला ते १९९३ मध्येच खटकलं होतं. लखनौ विकास प्राधिकरणाने एका ग्राहकाला घरासाठी हेलपाटे घालायला लावले, त्याचं प्रकरण. भरपाई आधी प्राधिकरणाने द्यावी, मग कोणामुळे हा त्रास झाला ते शोधून त्या अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असा तो निकाल. जनतेच्या पैशातून अधिकाऱ्याच्या मनमानीची किंमत का चुकवायची, हा साधा सवाल त्यात होता.

तीस वर्षं उलटून गेली. तुमच्या ओळखीत कोणाच्या पगारातून अशी वसुली झाल्याचं ऐकलंय?

वसुलीला नाव लागतं, आणि नावच कागदावर येत नाही. सरकारचे विलंब माफीचे अर्ज वाचून बघा. अपिलाची मुदत कधीच उलटलेली असते आणि अर्जात तारखांची जंत्री असते. अमुक तारखेला नस्ती कक्ष अधिकाऱ्यांकडे सादर झाली. मग अवर सचिव, मग उपसचिव. तिथून विधी व न्याय विभागाच्या अभिप्रायासाठी रवाना. त्रुटी निघाली म्हणून परत. पुन्हा सादर. शेवटी सरकारी वकिलांकडे. पान-दीड पान तारखाच तारखा. पदनामं सगळी आहेत, नाव एकाचंही नाही. नस्ती जणू आपल्या पायांनीच फिरत होती.

टपाल खात्याने ४२७ दिवस उशिरा असंच अपील आणलं. फायलींच्या प्रवासाचं कारण आता चालणार नाही, असं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार आलं ६६३ दिवस उशिरा! तेव्हा न्यायालयाने दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. ही अपिलं जिंकण्यासाठी येतच नाहीत. फेटाळल्याचा कागद हाती पडला की ‘सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो होतो’ असा शेरा मारून फाइल बंद करता येते आणि आतला दोषी सुटतो. न्यायालयाने २५ हजारांचा दंड केला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितला.

खालच्या माणसाबाबत यंत्रणेला असा उशीर होत नाही.

कर्नाटकात वायव्य परिवहन महामंडळाच्या एका बस वाहकाकडे हिशेबापेक्षा ९३ रुपये जास्त सापडले. बडतर्फ. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. रक्कम लहान की मोठी हा मुद्दा नाही, विश्वास गेला हा मुद्दा आहे. तत्त्व बरोबरच आहे. तेच तत्त्व वरच्या मजल्यावर लावा एवढंच म्हणणं आहे. ६६३ दिवस फाइल अडकवणाऱ्यावरचा विश्वास शाबूत कसा राहतो?

‘विभागीय चौकशी सुरू आहे’ हे वाक्य आपण किती वर्षं ऐकतोय! सहा महिन्यांत संपवा, फार तर वर्षभरात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितलं. ते ज्याच्या प्रकरणात सांगितलं, त्याचं निलंबन नऊ वर्षांहून जास्त लांबलं होतं.

आणि तो दिल्लीच्या न्यायालयातलाच कर्मचारी होता.

निलंबनाचंही तसंच. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे रेटता येणार नाही, हाही २०१५ चाच निकाल. महाराष्ट्राने ९ जुलै २०१९ ला तसा शासन निर्णय काढला. निरपराध माणसासाठी हे उत्तम आहे, अर्ध्या पगाराएवढ्या निर्वाह भत्त्यावर त्याने किती दिवस काढायचे? पण दोषी माणसासाठी वाट किती सोपी झाली पाहा. दोषारोपपत्र ९० दिवस टेबलावर पडून राहतं, साहेब महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जातात आणि पुन्हा खुर्चीत बसतात. मॅट कायद्याने बांधलेली आहे, तिचा दोष नाही. दोषारोपपत्र ज्याने पाडून ठेवलं त्याला एकदा तरी कारणे दाखवा नोटीस गेली का?

चौकशी रद्द होते तेव्हाही हेच. न्यायाधिकरण पुन्हा साक्षी तोलायला बसत नाही. चौकशी नियमाने झाली का, एवढंच मुख्यतः पाहतं. आरोप मोघम, कागदपत्रं दिली नाहीत, चौकशी अहवालाची प्रत नाही, की शिक्षा कोसळते. शिस्त व अपील नियम १९७९ पासून छापील आहेत. प्रत्येक चौकशी अधिकाऱ्याच्या कपाटात ते पुस्तक असतं. तरीही त्याच त्याच चुका होत असतील, तर चौकशी बिघडवणं हेच गैरवर्तन मानून त्याची चौकशी का करू नये?

तोवर माणूस निवृत्त होतो. निवृत्तिवेतनाच्या नियमांत नियम २७ आहे. सेवेत असताना चौकशी सुरू केली नसेल, तर निवृत्तीनंतर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेवर ती सुरू करता येत नाही. घोटाळा लेखापरीक्षणात सापडेपर्यंत चार वर्षं कुठच्या कुठे गेलेली असतात.

कधी तर चौकशीत दोषी माणूसच सापडत नाही. २९ सप्टेंबर २०१७. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. रेल्वेच्या चौकशीत खापर फुटलं मुसळधार पावसावर. पूल अरुंद आहे हे रोज तिथे खांद्याला खांदा घासत चढणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. नव्या पुलाची फाइल कोणाच्या टेबलावर होती, हे शोधायला पाऊस आडवा आला नव्हता.

म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा निकाल महत्त्वाचा. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. भरपाई आधी यंत्रणेने द्यायची, मग जबाबदार अधिकारी आणि कंत्राटदार यांच्याकडून वसूल करायची. म्हणजे १९९३ चंच तत्त्व, आता आपल्या गल्लीतल्या रस्त्यापर्यंत आलेलं.

पहिला अर्धा भाग पाळला जाईल, चेक निघतील, फोटोही येतील. दुसऱ्या अर्ध्यावर लक्ष कोण ठेवणार?

तुम्ही ठेवा. तुमच्या शहरात खड्ड्याची भरपाई दिली गेली की माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तीनच गोष्टी विचारा: जबाबदारी कोणावर निश्चित केली, त्याचं नाव व पद काय, आणि आजवर किती रुपये वसूल झाले. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. विनाकारण टाळलं, तर माहिती आयोग रोज २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो, आणि तो दंड तिजोरीतून नाही, त्या माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.