रावसाहेबांची साइट व्हिजिट

युरोपच्या टूरला निघालेल्या प्रत्येक बसमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला एक इंजिनिअर असतोच. आमच्या बसमधल्याला सगळे रावसाहेब म्हणत. पॅरिसच्या नैर्ऋत्येला गव्हाच्या सपाट शेतांवर शार्त्रच्या कॅथेड्रलचे दोन मनोरे लांबूनच दिसू लागले. बसभर ‘आहाहा’ झालं. रावसाहेब म्हणाले, “लेव्हलमध्ये नाहीत.”

नाहीतच. दक्षिणेचा मनोरा बाराव्या शतकातला, साधा. उत्तरेचा कळस सोळाव्या शतकातला, नक्षीदार आणि चांगलाच उंच. जुना लाकडी कळस 1506 साली वीज पडून जळाला, असं गाइडबाईंनी सांगितलं.

“वीज पडली हे प्रत्येक कंत्राटदार सांगतो,” रावसाहेब वहिनींच्या कानात म्हणाले.

आत शिरल्यावर सगळ्यांच्या माना वर गेल्या, यांची खाली. चार पावलं पुढे, चार मागे. “फरशीला ढाळ दिलाय.” गाइडबाई चमकल्याच. पूर्वी यात्रेकरू आतच मुक्काम करत, फरशी धुऊन काढायला सोपं जावं म्हणून तो उतार, असं सांगतात. आठ शतकांपूर्वीच्या त्या अनामिक मुकादमाबद्दल रावसाहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आदर दिसला.

मग तारखा निघाल्या. 1194 साली आग, 1220च्या सुमारास मुख्य बांधकाम उभं, अभिषेक थेट 1260 साली. “काम झालं, पण उद्घाटनाला चाळीस वर्षं! व्हीआयपींची तारीख मिळाली नसणार.”

इतरांनी त्या प्रसिद्ध निळ्या काचांचे मोबाइल भरभरून फोटो काढले. त्याच खिडक्यांच्या तळाशी पाववाले, जोडे शिवणारे, सराफ आपापल्या कामात गढलेले दाखवलेत, हे एकट्या रावसाहेबांना दिसलं. “देणगीदार! आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नावं असतात ना, तसं.” हल्लीचे अभ्यासक या देणग्यांवर वाद घालतात. रावसाहेबांच्या लेखी ती फाइल बंद झाली होती.

शेवटी गाइडबाईंनी विचारलं, काही शंका? आम्ही सगळे कॉफीच्या ओढीने दाराकडे बघत होतो. रावसाहेबांनी हात वर केला.

“डिफेक्ट लायबिलिटी पिरियड किती होता?”

“अहो, आठशे वर्षं उभं आहे ते!” वहिनी कळवळून म्हणाल्या.

रावसाहेबांनी एका खांबावर बोटाने टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “मग अनामत परत द्यायला हरकत नाही.”