मूळ चाल वाचवा : नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

साताऱ्यात राजवाड्याच्या कट्ट्यावर किंवा सांगलीत विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यावर चौघं तावातावानं बोलतायत. विषय : अजय-अतुलनी ‘मल्हारवारी’चं काय करून ठेवलं. आणि तुम्ही नुसती मान हलवताय. ती कुणाच्या बाजूनं हलतेय हे तुमचं तुम्हालाही ठाऊक नाही. चांगल्या घरच्या माणसावर अशी वेळ येऊ नये. गाता येत नसलं तरी चालेल, ताल कळत नसला तर फारच उत्तम. पण मत नसलेला माणूस आपल्याकडं फार दिवस टिकत नाही. खालचे पाठ नीट गिरवलेत, तर साताऱ्याहून सुटलेली सांगलीची एसटी कराडला पोचेपर्यंत तुम्ही जाणकार झालेले असाल.

१. गाणं पूर्ण ऐकू नका.

पूर्ण ऐकलं की ते आवडण्याचा धोका असतो. पहिली वीस सेकंदं पुरे. तेवढ्यात व्हायोलिनं वाजली तर डोळे मिटून घ्या. संबळ वाजला तर ‘कम्प्युटरवरचा आहे’ म्हणा. खरा आणि कम्प्युटरवरचा संबळ तुम्हाला ओळखता येतो का, असं कुणी विचारणार नाही. ज्यानं विचारायचं, त्यालाही तो ओळखता येत नसतो.

२. ‘आत्मा’ वापरायला शिका.

वाक्य असं : ‘तसं केलंय चांगलं, पण आत्मा नाही हो.’ कप बशीत ठेवायचा, मग बोलायचं. ‘पण’च्या आधी किंचित थांबायचं. हा आत्मा पूर्वी गाण्यात नेमका कुठं होता, ढोलकीत, गळ्यात की शब्दांत, याच्या खोलात शिरू नका. आत्म्याला पत्ता नसतो, हे तर गीतेतही आहे म्हणून सांगून टाका. गीता काढून कोण बघणार? जोडीला ‘मातीचा वास’ ठेवावा. हे शब्द सगळ्यात शोभून दिसतात ते बायपासलगतच्या गुंठ्याचा भाव विचारून नुकत्याच परतलेल्या माणसाच्या तोंडी.

३. शाहिरांना नुसतं ‘शाहीर’ म्हणा.

कृष्णराव गणपतराव साबळे असं पूर्ण नाव घेतलंत की तुम्ही पंचायतीचा दाखला वाचताय असं वाटतं. नुसतं ‘शाहीर’ म्हणायचं आणि लांब कुठंतरी बघायचं. जन्म १९२३, गाव पसरणी, तालुका वाई. हे पाठ करा, कारण आपल्यापैकी बहुतेकांना पसरणी ठाऊक असते ती घाट म्हणून. पाचगणीला निघालं की धाकट्याला हमखास उलटी होते तोच घाट. गावात कुणी उतरत नाही, पुढं स्ट्रॉबेरी असते.

आता एक गोष्ट झाकायची आहे, ती नीट समजून घ्या. ज्या शाहिरांच्या नावानं तुम्ही ‘मूळ चाल’ वाचवायला निघालात, त्यांनी स्वतः कुठलंही लोकगीत सापडलं तसं ठेवलं नव्हतं. ‘विंचू चावला’ हे नाथांचं भारूड, सोळाव्या शतकातलं. पैठणला ते कसं म्हणत असतील कुणास ठाऊक. शाहिरांनी ते मुंबईच्या रंगमंचावर असं काही उभं केलं की आज विंचू म्हटलं की आपल्याला शाहिरांचाच आवाज ऐकू येतो, नाथ नंतर आठवतात. ‘महाराष्ट्राची लोकधारा’मध्ये त्यांनी गोंधळ, जागरण, वासुदेव, कोळीगीत असं सगळं एका पडद्यामागून आणलं, वेषभूषा, दिवे, माईक आणि तिकीटखिडकीसकट. रात्रभर चालणारा गोंधळ तिथं मोजक्या मिनिटांत बसवलेला होता. म्हणजे तुम्ही ज्याला मूळ म्हणताय, ती त्या काळातली नवी आवृत्ती होती. आणि ती झकास होती, हे आणखी वाईट.

त्यावर कडी म्हणजे, ‘मल्हारवारी’ ज्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये नव्या साजात आली, त्या २००४ च्या चित्रपटाचा दिग्दर्शक केदार शिंदे हा शाहिरांचा नातू. समोरच्यानं हा मुद्दा काढला तर घाबरू नका. शांतपणे म्हणा, ‘घरच्यांनी केलं म्हणून ते बरोबर होत नाही.’ साताऱ्यात हे वाक्य कुठल्याही विषयावर चालतं.

४. आजी बाळगा.

गाणारी आजी असल्याशिवाय या वादात उतरणं म्हणजे लायसन्स नसताना पोवई नाक्यावरून जाणं. आजी गावाकडची असावी, पहाटे जात्यावर बसणारी असावी, आणि शक्यतो हयात नसावी. ‘माझी आजी हेच गाणं म्हणायची, पण काय म्हणायची!’ यावर उलट बोलायची कुणाची टाप नाही.

आजी हयात असेल तर तिला या वादापासून दूर ठेवा. तिला विचारलंत तर ती सांगेल, चाल कसली बाबा, दळण जास्त असलं की ओवी लांबायची, हात भरून आला की आटोपायची, आणि भाऊ माहेरी न्यायला आला नाही की त्याच्या नावानं त्यात दोन ओळी जास्तीच्या पडायच्या. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून अशा लाखभर ओव्या जमवून ठेवल्यात. त्यातली मूळ कुठली, हे शोधायला बसलात तर पिठाची गिरणी बंद व्हायची वेळ येईल. शिवाय आजीला ‘झिंगाट’ आवडतं. नातवाच्या वरातीत ती नाचलेली आहे आणि त्याचा व्हिडिओ आहे.

५. लोकगीत कुठलं, हे आधी तपासा. (हा पाठ गाळू नका. भले भले इथं आपटलेत.)

‘ऐरणीच्या देवा’ची नवी आवृत्ती ऐकून ‘आमच्या लोहारांच्या शेकडो वर्षांच्या गाण्याची काय दशा केली’ असं म्हणू नका. ते भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मधलं, १९६५ चं. शब्द जगदीश खेबुडकरांचे, संगीत आनंदघन या नावानं लता मंगेशकरांचं. लोहाराचा भाता त्यात आहे, पण तो स्टुडिओतला.

‘कानडा राजा पंढरीचा’ कुणी तरुण गायकानं लांबवून आळवलं, की ‘संतांच्या अभंगावर ताना कसल्या मारता?’ असं ओरडायचा मोह होतो. सांगलीकरांनी तर तो फारच आवरावा. ते गाणं गदिमांचं, ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातलं, आणि गदिमा तुमच्याच आटपाडी तालुक्यातले. ते गाणाऱ्या दोघांपैकी एक वसंतराव देशपांडे होते, तेव्हा तानांचं म्हणाल तर त्या जन्मापासूनच आहेत.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ हा पोवाडा असून तो शाहिरांनीच रचला, असं ठोकून देऊ नका. शब्द राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, गळा शाहिरांचा. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं, त्यामुळं आता चूक केलीत तर ती सरकारदरबारी ठरेल.

एवढं वाचून तुमचा हिरमोड झाला असेल, मला कल्पना आहे. ज्यासाठी जीव टाकायचा त्यातलं निम्मं सिनेमाचं निघालं. पण धीर धरा. सिनेमाचं गाणं लोकांनी इतकं आपलं केलं की लिहिणाऱ्याचं नाव गळून पडलं, म्हणजे ते लोकगीतच झालं की नाही, असा नवा वाद तुम्हाला इथून सुरू करता येतो. तो दोन संध्याकाळी पुरतो.

६. जिल्हा मध्ये आणा.

वाद गाण्यावरच राहिला तर केव्हातरी कुणीतरी मोबाईल काढून गाणं लावेल आणि सगळे ऐकत बसतील. तसं होऊ द्यायचं नाही. नमुन्यादाखल एक संवाद देतो.

सातारकर : ‘पसरणी आमची, वाई आमची, शाहीर आमचे. गाण्यातलं आम्हाला सांगू नका.’

सांगलीकर : ‘पठ्ठे बापूराव कुठले ओ? रेठरे हरणाक्ष. तालुका वाळवा. कुलकर्ण्याचं पोर, वतनावर पाणी सोडून तमाशात गेलं. तुमच्यात एक तरी कुलकर्णी गेला का?’

सातारकर : ‘बरं मग?’

सांगलीकर : ‘अण्णाभाऊ साठे? वाटेगाव. तालुका परत वाळवाच. छक्कड कशाला म्हणतात ते अण्णाभाऊंना विचारायचं.’

इथं सातारकरानं चहाचा शेवटचा घोट घ्यावा आणि मगच हुकमाचा पत्ता टाकावा : ‘अहो, तेव्हा वाळवा साताऱ्यातच होता की!’

हे शंभर टक्के खरं आहे. बापूरावांचा जन्म १८६६ चा, अण्णाभाऊंचा १९२० चा. सांगली जिल्हा झाला १९४९ मध्ये, आणि तोही ‘दक्षिण सातारा’ या नावानं. सांगली हे नाव जिल्ह्याला मिळालं १९६० मध्ये. तेव्हा हिशेबानं दोघंही सातारकर.

सांगलीकरानं यावर हार मानू नये. ‘सांगली गाव कधीच साताऱ्याचं नव्हतं, ते पटवर्धनांचं संस्थान होतं,’ एवढं म्हणून विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं ‘सीतास्वयंवर’ काढावं, तिथून आशा भोसल्यांचा जन्म सांगलीचा हे काढावं, आणि उरलंच काही तर मिरजेचे तंबोरे आहेतच. ‘तुम्ही काय बनवता? कंदी पेढे!’ यावर सातारकर चिडतो. आवाज चढतात. गाडेवाला बिलाचं विचारायला पुढं येतो आणि मागं सरकतो. ‘मल्हारवारी’चा आता कुणी उच्चारही करत नाही. अभिनंदन, तुम्ही लोकगीत वाचवलंत.

७. लावणी.

‘नटरंग’मधल्या लावण्यांवर चर्चा निघाली तर ‘लावणी म्हणजे सुलोचनाबाई, बास’ म्हणा. एवढ्यानं भागतं. मात्र घोळक्यात एखादा पांढऱ्या टोपीचा म्हातारा असेल तर जपून. तो म्हणेल, सुलोचना चव्हाणांची लावणी सिनेमाची. खरी लावणी बैठकीची, वाईच्या यमुनाबाईंची, बसून, नुसत्या नजरेनं आणि हातानं एकेका ओळीचे दहा अर्थ काढणारी. आणि विचारेल, ‘तुम्ही ऐकलं होतं का त्यांना?’ यमुनाबाई वाईकर १०२ वर्षं जगल्या, २०१८ मध्ये गेल्या. संगीत नाटक अकादमी झाली, पद्मश्री झाली. एवढी मुदत मिळूनही तुमचं जायचं राहून गेलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. वाईत पार्किंगचं फार अवघड आहे.

८. परदेशी दाखला एकच द्या.

१९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला आणि काही श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. सांगा आणि थांबा. पुढं त्या डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं, हे सांगायची गरज नाही.

९. गाणाऱ्याशी बोलू नका.

शेवटचा पाठ, आणि सगळ्यात अवघड, कारण यातून सुटका नाही. घरात लग्न होतं आणि कुळाचार म्हणून गोंधळ घालावाच लागतो. दारात पाच उसांचा मांडव होतो, पाटावर धान्याचा चौक, मधोमध कलश. गोंधळी दिवटीवर तेल घालतो, त्याचा पोरगा संबळाची वादी ओढून दोन टिपऱ्या मारून बघतो, एक सरळ, एक टोकाला वाकडी, आणि पुन्हा वादी ओढतो. तुणतुण्याची तार लागत नाही म्हणून तिसरा तिच्याशी झटतोय. अशा वेळी तुम्हाला वाटेल, इतका अभ्यास झालाय, खऱ्या माणसाला विचारून टाकू : ‘काय हो, त्या पिक्चरवाल्यांनी तुमच्या गाण्याची वाट लावली ना?’

विचारू नका. तो म्हणेल, ‘वाट कशाची जजमान? आम्ही दोन्ही म्हणतो. आधी आईची जुनी, मग पोरं पिक्चरची मागत्यात, ती. तिच्यावर ओवाळणी बरी पडती.’

एवढं बोलून तो मोकळा होतो, आणि तुमचे आठही पाठ मातीत जातात. वर तो तुम्हालाच विचारेल, ‘तुमच्या घराण्यात पूर्वी कुठली म्हणायचे? म्हणजे ती घेतो.’ तुम्हाला ती ठाऊक नसते. काकांना ठाऊक नसते. व्हॉट्सॲपवर पुण्याच्या आत्याला विचारलं जातं, तिचा अंगठा येतो.

म्हणून गोंधळ्याशी बोलायचं ते फक्त बिदागीचं. त्यानं पाच सांगितले तर तीनवर अडून बसा. परंपरेला किंमत लावता येत नाही, असं म्हणालात तर दोनवरही येईल. आणि आधीच बजावून ठेवा, काय म्हणायचं ते रात्री नऊच्या आत म्हणा. आरती झाली की संबळ गुंडाळा, मांडव एका बाजूला घ्या. इस्लामपूरहून डीजेची गाडी निघालेली आहे आणि तिला वळायला जागा लागते.