चोर सोडून संन्याशाला

अक्कलदाढेला अक्कल कोणी चिकटवली हे शोधायला गेलं, तर लॅटिन, अरबी, इंग्रजी अशा बऱ्याच भाषा आरोपीच्या पिंजऱ्यात सापडतात. ती साधारण १७ ते २५ या वयात उगवते, एवढ्याच भांडवलावर तिला हा किताब मिळाला. तिच्या पुढची दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास येऊन निमूट कामाला लागलेली असते. बाईसाहेब उगवतात तोवर जबड्यात जागा संपलेली असते. मग एसटीत दोघांच्या सीटवर घुसणाऱ्या तिसऱ्यासारख्या त्या तिरक्या होतात आणि शेजारणीच्या अंगावर डोकं टाकतात. अशा दाढेचा निवाडा ‘दुखते का?’ या एका प्रश्नावर करू नये, एवढंच माझं म्हणणं. कारण पुष्कळदा दुखते ती शेजारीण.

जरा जवळून पाहा. तिरकी दाढ हिरडीतून अर्धवट डोकावते आणि तिचा माथा शेजारणीच्या मागच्या बाजूला, नेमका मानेशी टेकतो. वर बारीक फट, आत खोबण. त्यात शेवग्याच्या शेंगेचा एखादा दोरा किंवा चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा शिरला की मुक्कामालाच. ब्रश तिथे पोचत नाही, चूळ वरच्या वर रामराम करून परतते. जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात. एनॅमल पीएच साधारण ५.५ च्या खाली गेल्यावर विरघळायला लागतं. मानेशी तर ते मुळातच पातळ, आणि त्याखालचं मूळ याहून सौम्य आम्लापुढेही नांगी टाकतं. कीड पडते ती अशी आडोशाला, की आरशात दिसत नाही. एक्स-रेवर काळा डाग उमटतो तेव्हा कळतं.

‘दुखत नाही तर काढायची कशाला?’ हा आक्षेप वेडगळ मुळीच नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं (नाव खरंच तसं आहे) २००० साली हेच सांगितलं : रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नका. शस्त्रक्रियेत मज्जातंतू दुखावून ओठ बधिर होऊ शकतो, आणि सरकारी पैसाही जातो. पुढच्या दहा वर्षांत तिथं अक्कलदाढ काढून घेणाऱ्यांचं सरासरी वय २५ वरून ३२ वर, म्हणजे अक्षरशः बत्तिशीवर गेलं आणि काढण्याच्या कारणांत किडीचा वाटा वाढला. दाढा वाचल्या नाहीत, तारीख पडली.

म्हणून सरसकट उपटा, असंही नाही. सरळ उगवलेली, ब्रशच्या टापूतली दाढ सुखानं नांदो. हाडात पूर्ण गाडलेली, तोंडाशी संबंधच नसलेली असेल तर तिथं अन्न अडकणार कुठून? वाकडी नजर ठेवायची ती अर्धवट उगवून पुढे कललेलीवर. ‘नीट ब्रश करा’ म्हणणाऱ्यांना एकच विनंती, त्या खोबणीत ब्रश घालून दाखवा.

कीड खोल गेली की कधी कधी शेजारीणच काढावी लागते. आणि वय कोवळं असेल तर अक्कलदाढ हळूहळू पुढे सरकून तिच्या मोकळ्या जागेत बसतेही. कुळकायदा जबड्यालाही लागू आहे म्हणायचा!