हिरवे ट्रेकर व्हा, चामटोलीमार्गे

ट्रेकला जाण्याआधी ट्रेकर दिसावे लागते, हे एव्हाना मोबाइलने तुम्हाला शिकवलेच असेल. हल्ली तेवढ्याने भागत नाही, हिरवे ट्रेकर दिसावे लागते. बदलापूर आणि वांगणीच्या मधल्या चामटोलीत पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी उभे राहिलात तर ही नवी जमात येता-जाता दिसते. तुम्हालाही तिच्यात सामील व्हायचे असेल तर पुढीलप्रमाणे करावे.

सुरुवात घरच्या माळ्यापासून. वडिलांची कॅनव्हासची सॅक, ताईचे कॉलेजातले हंटर शूज, काकांचा डकबॅकचा रेनकोट असे सगळे खाली काढा. ते अजून धड आहे, हीच मोठी अडचण आहे. धड वस्तू घरात असली की नवी हिरवी वस्तू घ्यायला मन धजत नाही. तेव्हा सगळे भंगारात द्या आणि जुन्या बाटल्यांपासून केलेले जॅकेट मागवा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत येईल, पिशवी खोक्यात, खोके आणखी एका पिशवीत. आत गुळगुळीत जाड कार्डावर झाडे वाचवण्याबद्दल मजकूर असेल. तो जपून ठेवा, फोटोत लागतो.

बाटल्यांपासून फ्लीस हे उबदार कापड करण्याची कल्पना जुनी आहे. पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीने १९९३ सालीच ती बाजारात आणली. फ्लीस धुतले की त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर मोरीत, मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत जातात. पण ते डोळ्यांना दिसत नसल्याने हिशेबात धरत नाहीत. आणि कोंडेश्वरच्या धबधब्याखाली तुम्ही जी बाटली टाकून याल, तो कचरा नव्हे, पुढच्या हंगामाच्या जॅकेटचा कच्चा माल. तो गोळा करायला कोणी येत नाही, एवढीच काय ती त्रुटी.

याच पॅटागोनियाने २०११च्या नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्वतःच्याच जॅकेटचे चित्र छापून ‘हे जॅकेट विकत घेऊ नका’ अशी पानभर जाहिरात दिली होती. ते एक जॅकेट करायला १३५ लिटर पाणी लागते, हेही त्यात प्रामाणिकपणे लिहिले होते. लोकांना कंपनीचे इतके कौतुक वाटले, की पुढे विक्री वाढलीच. नवशिक्याने यातून विरक्तीची खरेदी शिकावी.

आता वॉटरप्रूफपणा. लेबलवर ‘१०,००० मिमी’ असे दिसेल. म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसते. चामटोलीत एवढ्याने भागेल का, हे तुम्हीच ठरवा. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस इथेच उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटींनी सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढले. नौदल आले, हेलिकॉप्टर आले, गावकरी तर आधीपासून होतेच. त्यातल्या कोणी मिलिमीटर विचारल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा शब्द ‘ब्रीदेबल’. जॅकेटच्या आतली वाफ कापडातल्या पडद्यातून बाहेर जाते, बाहेरचे पाणी आत येत नाही. ही जादू चालते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड असेल तेव्हा. जुलैत चंदेरी किल्ल्याच्या पायथ्याच्या जंगलात हवाच घामाने निथळत असते. वाफेने जायचे कुठे? मी स्वतः एक महागडे जॅकेट घालून चिंचवलीहून चढलो आणि वर पोचेपर्यंत पावसापेक्षा घामानेच जास्त भिजलो. पण वॉटरप्रूफ होते, यात शंका नाही. घामाचा एक थेंब बाहेर गेला नाही.

कापडावरून पावसाचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात, ते बरीच वर्षे फ्लोरिनयुक्त रसायनांच्या लेपामुळे. ही रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होतच नाहीत. २०१५ साली ग्रीनपीसच्या तुकड्यांनी दूरदूरच्या पर्वतांतले बर्फ आणि तळी तपासली, तर माणूस क्वचितच फिरकतो तिथेही ती सापडली. जॅकेट पोचण्याआधी जॅकेटवरचा लेप शिखरावर पोचला होता! आता कॅलिफोर्नियाने २०२५पासून अशा बहुतेक कपड्यांवर बंदी घातली आहे आणि चांगल्या कंपन्यांनी लेप बदलला आहे. नवा लेप तेलकटपणापुढे लवकर हार मानतो, म्हणून जॅकेट वरचेवर धुवावे लागते. धुतल्यावर काय होते, ते वर आलेच आहे.

यावर काही जुनाट लोक तुम्हाला इरले दाखवतील. बांबूची विणलेली चौकट, मध्ये पाने, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकलेली. भाताची लावणी करताना वाकलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि खालून वारा खेळतो. यालाच तुमच्या जॅकेटात काखेतली चेन म्हणतात आणि तिचे वेगळे पैसे पडतात. किंवा धनगरी घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, तिला चिंचोक्याची खळ, वर्षानुवर्षे पाऊस आणि थंडी दोन्ही झेलणारी. यांपैकी काहीही घेऊ नका. त्यावर लोगो नसतो आणि मापात एम, एल, एक्सएल नसते. शिवाय इरल्यावरही हल्ली पानांच्या जागी निळे प्लॅस्टिक आले आहे, तेव्हा उगाच उसासेही टाकू नका.

पँटच्या बाबतीत नियम साधा आहे. डोंगरावर जीन्स घालायची नाही. भिजली की जड होते, लवकर वाळत नाही, मांड्या सोलवटतात. पण चामटोलीहून बदलापूरला येऊन मुंबईकडची लोकल पकडली तर तासाभराच्या आत तुम्ही उल्हासनगरात असाल आणि तिथे जीन्स टाळणे कठीण. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले, १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले आणि उघड्यावर आलेल्या माणसांनी शून्यातून बाजारपेठ उभी केली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुमच्या आजोबांनीही ऐकला असेल.

इथल्या जीन्सची गंमत अशी, की ती जुनी दिसावी म्हणून नवी असतानाच झिजवतात. दगडांबरोबर घुसळतात, रसायनांत बुडवतात, गुडघ्यावर घासून पांढरी करतात. दहा वर्षे डोंगर चढून जे व्हायचे, ते एका पाळीत उरकते. उरलेले निळे पाणी कुठे तरी सोडावेच लागते. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावून १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालणारी वालधुनी खाली उल्हासनगरातून वाहते. ती सोयीची पडली. वनशक्ती संस्था हरित लवादाकडे गेली. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल २०१५ साली लवादाने ९५ कोटींच्या आसपास दंड सुनावला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. शेवटी उल्हासनगरातले जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. त्यांतले कितीतरी अंबरनाथ-बदलापूरच्या गावपट्ट्यात सरकले. हजारो हातांचे काम गेले, ते वेगळेच, आणि त्यांना हिरव्या ट्रेकरच्या कोणत्याही कार्डावर जागा नसते.

राहिली दुरुस्ती. हे शेवटी घेतले, कारण यात खरेदी काहीच नाही आणि मार्गदर्शिकेची शोभा जाते. माझ्या त्या महागड्या जॅकेटची चेन पहिल्याच पावसाळ्यात अडकू लागली. कंपनीला कळवले, तर त्यांनी नव्या जॅकेटवर सवलतीचे कुपन पाठवले. मग स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे गेलो. त्याने पकडीने जुना रनर काढला, डब्यातून दुसरा शोधून चढवला आणि चेन चार वेळा वरखाली करून दाखवली. जरा वेळाने बुटाचा उघडलेला सोलही त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दाबून पाहिला.

“शिवून देतो. पण सोल्युशन सुकायला ऊन लागतं, साहेब. या पावसात चार दिवस तरी धरा.”

चार दिवस थांबावे. तोवर चंदेरीला जायचेच असेल तर भंगारात टाकलेले हंटर शूज विकून झाले नाहीत ना, ते भंगारवाल्याला विचारून पाहा.