झुरळदादा

टोकियोच्या एदोगावा भागात, तोझाई लाइनवरच्या निशिकासाई स्टेशनाच्या आसपास, जूनचा पाऊस सुरू झाला की रात्री अकरानंतर एक ठरावीक फोन जातो. करणारा बहुधा पुण्याहून नुकताच आलेला इंजिनियर. आवाज दबका. "दादा, काळं आहे. मोठं आहे. आणि दादा, उडतंय!"

हा फोन ज्यांना जातो ते झुरळदादा. मराठी घरं जिथे जिथे दाटीने आहेत तिथे एक झुरळदादा असतातच, पण निशिकासाईचे अस्सल. ते २००० सालच्या आगेमागे, वायटूकेच्या लाटेत आले. बरोबरचे कुणी अमेरिकेला गेले, कुणी परत गेले. दादा यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या इमारतीत राहिले, कारण तिथे हमीदार लागत नाही आणि घरमालकाला नजराणाही द्यावा लागत नाही. मग घराबरोबर जे जे आलं त्याचा त्यांनी अभ्यास केला.

फोन आला की दादा दहा मिनिटांत हजर. हातात टॉर्च. चपला दाराशी नीट वळवून ठेवतात, जपानी पद्धतीने. घरातला माणूस सोफ्यावर उभा असतो. त्याला वाटतं, आता हाणतील. दादा हाणत नाहीत. ते आधी जात ओळखतात. "आपल्या ओट्यावर फिरतं ते छोटं, तांबूस, ते जर्मन. हे कुरो गोकिबुरी, म्हणजे काळं झुरळ. चांगलं तीन सेंटीमीटर. बाहेरून आलंय." एवढं होईपर्यंत ते फ्रिजमागे गेलेलं असतं. दादांना त्याचं काही वाटत नाही. झुरळ मेलं की विषय संपतो, आणि चहा अजून यायचा असतो.

चहाबरोबर इतिहास येतो. १९७३ साली बाजारात आलेला गोकिबुरी होइहोइ, म्हणजे घराच्या आकाराचा पुठ्ठ्याचा सापळा, आत चिकट जमीन. मग ब्लॅक कॅप, काळ्या डबीतलं आमिष. मग दादांचा आवाज जरा खाली येतो, कारण आता बाल्सान. बाल्सान म्हणजे औषधी धुराचा डबा. धूर सोडायचा, दार लावायचं आणि सहकुटुंब दोन-तीन तास बाहेर जायचं. आधी भांडीकुंडी, टीव्ही झाकायचा आणि छतावरच्या धुराच्या अलार्मला पिशवी घालायची. ही पिशवी एकजण विसरला. शेजारच्या आजी घाबरून गॅलरीत आल्या. दादांनी कमरेत वाकून माफी मागितली आणि वाकल्या वाकल्याच त्यांना सांगितलं की अंडी धुराने मरत नाहीत, त्यामुळे दोन आठवड्यांनी हे पुन्हा करावं लागेल.

घरगुती उपायांचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. वस्तीतल्या एखाद्या नव्या सुनेची आई नाशिकहून फोनवर सांगते, बोरिक पावडर, कणीक, साखर, गोळ्या करून कोपऱ्यात ठेव. दादा कपाळाला हात लावतात. मग कुणीतरी औषधाच्या दुकानातून होउसान दांगो आणून समोर ठेवतं. बोरिकचेच गोळे! जपानी बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी करतात, फक्त त्यात कांदा किसून घालतात. दादा पाकीट उलटसुलट करून पाहतात. "कांदा," ते म्हणतात. "हे आपल्याकडे सुचलं नाही बघा." तांदळातल्या किड्यांचंही तसंच. आपण कडुनिंबाचा पाला घालतो, जपानी लोक लाल मिरच्या घालतात. दादा अर्थात मिरचीच्या बाजूने.

पण हेच दादा डिसेंबरात पुण्याला जातात तेव्हा बॅगेत ब्लॅक कॅप भरून नेतात आणि येताना बहिणीच्या कपाटातल्या लक्ष्मणरेषेच्या कांड्या घेऊन येतात. का, तर "इथल्या झुरळांना इथलं औषध सवयीचं झालंय." जिथे आपण नाही तिथलं औषध जालीम, ही त्यांची पक्की श्रद्धा आहे, आणि परदेशात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा करू नये. २०१९ मध्ये आपले मराठी योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या सभागृहात निवडून गेले, तेव्हा अख्खी वस्ती अभिमानाने फुलली होती. आता झुरळांचा विषय सभागृहात निघणार, म्हणून दादा अंमळ जास्तच फुलले होते.

अगदीच निरुपाय झाला तर ते सापोरोचं नाव काढतात. तिकडे थंडी कडाक्याची, झुरळं तुरळक. बदली मागून घ्या, म्हणतात. स्वतः मात्र गेले नाहीत. तिथे त्यांना फोन कोण करणार?

दादांच्या स्वतःच्या घरात झुरळ नाही. याचं श्रेय ते ब्लॅक कॅपला देतात. खरी गोष्ट अशी की वहिनी रात्री सिंक पुसून कोरडं करतात, ओला कचरा पिशवीची गाठ मारून ठेवतात आणि आठवड्यातला कचऱ्याचा एकही वार चुकवत नाहीत. सिंकखालच्या पाइपाभोवतीची फट त्यांनी पहिल्याच वर्षी लांबी भरून बुजवली. दादांच्या व्याख्यानात यातलं काही येत नाही, कारण ते चालू असताना वहिनी घरी भांडी आवरत असतात.

तेव्हा निशिकासाईला नव्याने राहायला येणाऱ्यांना विनंती, नंबर घ्यायचाच तर वहिनींचा घ्या.