गोल मोडला तो मीच

आमच्या नाशिकच्या वाचकमंडळात पुस्तक अर्धवट वाचून संपूर्ण मत देणारा सभासद मी एकटाच. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) चर्चेला निघाली तेव्हा मी घाईघाईने सुचवलं, विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या विंचूरलाच जाऊन बसू. सहलीत पानं कोण मोजतो?

वाद ठरलेला होता. १४ जानेवारी १७६१. इब्राहिमखानाचे गारदी रोहिल्यांना भाजून काढतायत, आणि विंचूरकर, दमाजी गायकवाड सैन्याची ठरलेली रचना, म्हणजे गोल, सोडून घोडी पुढे घालतात. शौर्य की बेशिस्त? मी बेशिस्तीच्या बाजूचा. विंचूरमध्ये बसून हे बोलायचं, म्हणजे आधी परतीची एसटी बघून ठेवायला हवी.

मंडळी पुढच्या गाडीने गेली, माझी अर्थातच चुकली. मागच्या गाडीत बसून उरलेली पानं उरकत होतो. कंडक्टर ओरडला, "विंचूर चौफुली!" मी उडी मारली. समोर पैठण्यांच्या पाट्या. विंचूर केव्हाच मागे पडलं होतं, मी येवल्यात उभा होतो.

"विंचूरला रस्ता जातो म्हणून विंचूर चौफुली," रसवंतीवाला म्हणाला. "गाव नाही इथं."

हे नाव ठेवणाऱ्याला मी पाच मिनिटं मनोमन शिव्या दिल्या. मग आठवलं, तात्या टोपे या येवल्याचे. गनिमी काव्यात मागं फिरणं बसतं.

विंचूरच्या बाजारात कांदा घेऊन निघालेल्या पिकअपमध्ये जागा मिळाली. वीसेक किलोमीटर. मांडीवर पिशवी, पिशवीवर पानिपत. ड्रायव्हरने विचारलं म्हणून मी त्याला लढाई सांगितली, तोफा, गारदी, गोल. हात हलवताना गिअरला कोपर लागलं.

"आत कोण होतं?"

"कुठे आत?"

"गोलाच्या आत. बाया होत्या ना? यात्रेला निघालेल्या?"

होत्या. हजारोंनी.

"मग गोल फुटल्यावर त्यांना कोणी सांगितलं का, पळा म्हणून?"

मला बोलता येईना. शौर्य-बेशिस्तीची माझी सगळी टिपणं पिशवीत होती. त्याने पुढचं विचारलं नाही, पैसेही घेतले नाहीत. उतरताना ओंजळभर कांदे पिशवीत टाकले.

भुईकोट पाहून, चहा पिऊन मंडळी उठत होती. अध्यक्षांनी विचारलं, "तुमचं मत?"

"पुस्तक वाचून सांगतो," मी म्हणालो. मंडळात इतकी शांतता पूर्वी कधी पसरली नव्हती.

परतताना कंडक्टर म्हणाला, "नाशिक? द्वारका की सीबीएस?"

मी शेजारच्यालाच तिकीट काढायला सांगितलं.