गिझर आला पडवीत

अहो, ऐकलंत का? त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातला गिझर बाथरूममधून बाहेर आला! हो, तोच, गॅसचा. गणपतीआधी बसवला होता, नि ज्याचं कौतुक अख्ख्या आळीने ऐकलं. आता मागच्या पडवीत लटकतोय. गडग्यावरून वाकलात तर केळीच्या आडून दिसेल... आत्ता नको हो! वैनी वाळवणापाशीच आहेत.

तर काय सांगत होते... त्यांचा तो तांब्याचा बंब आठवतो ना, सासऱ्यांच्या वेळचा? सोडणं नि करवंट्या घातल्या की घटकेत कढत पाणी. धूर व्हायचा, नाही कोण म्हणतं? पण बंबाला मधोमध स्वतःचं धुराडं आणि न्हाणीवर कौलं, त्यामुळे धूर आपला आपण वाट काढायचा. जुनं घर पाडलं, स्लॅब आला, न्हाणीची अटॅच्ड बाथरूम झाली आणि बंब गेला भंगारात. म्हटलं, वैनी, निदान शोभेला ठेवायचात. तर म्हणतात कशा, "आता राख कोण उपसतंय?" मग काय बोलणार, पुढच्या वेळी फणस मागायला जायचंय आपल्याला.

विजेचा गिझर घ्यावा तर पावसात लाइटचं आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून गॅसचा. दोन सेल घातले, नळ सोडला की भक्कन पेटतो. बसवणारा पोरगा बिचारा विचारत होता, "काकू, बाहेर लावू का?" खोक्यावर लाल अक्षरांत छापलंही होतं म्हणे, बंद बाथरूममध्ये लावू नका म्हणून. पण वैनींचा नवा पेंट! भिंतीला भोक पाडायचं नाही. खिडकी नाहीच, वर एवढीशी जाळी, तिलाही डास येतात म्हणून पुठ्ठा. आणि सिलिंडर? तोही आतच, बादलीशेजारी!

आता दिवाळी. नरकचतुर्दशी, पहाटेची वेळ, एकामागून एक अभ्यंगस्नानं चाललेली, दार घट्ट लावलेलं. पुण्याचे जावई सगळ्यांत शेवटी गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आले ते भिंत धरून. डोकं गच्च, मळमळ, पाय लटपटतायत. वैनींचा चेहरा असा उतरला! लगेच मीठ-मोहऱ्या नि लाल मिरच्या. मिरच्यांचा ठसका काही येईना, तेव्हा मोठ्यांदा म्हणाल्या, "बघा, केवढी दृष्ट!" आणि बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! मी चकल्यांचा डबा द्यायला गेले होते हो नुसती.

पण खरी गंमत पुढेच. आपल्या डॉक्टरीणबाई फराळाला आल्या. त्यांनी जावयांना अंगणात बसवलं, तिथे त्यांना जरा हुशारी वाटली. मग बाईंनी शांतपणे विचारलं, "घरात आणखी कुणाचं डोकं दुखतं का?" कुणी बोलेना. आणि धाकटी सून, जिच्या तोंडातून शब्द फुटत नाही, ती म्हणाली, "माझं दसऱ्यापासून दुखतंय. आंघोळ करून आले की." अहो, काय शांतता पसरली! दसऱ्यापासून हीच सून कामाच्या वेळी डोकं धरून बसते म्हणून वैनी साऱ्या आळीला सांगत होत्या की नाही? मी तर करंजीकडेच बघत बसले.

बाईंनी बोट दाखवलं ते गिझरकडे. पण वैनी काही सहज हार मानतात? म्हणाल्या, "गॅसचा वास आला असता की!" तेव्हा बाई म्हणाल्या, वास सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. हवा कमी पडून ज्योत अर्धवट जळली की जो कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना रंग ना वास. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस आतल्या आत गळून पडतं, कडी काढायचंही भान राहत नाही. धुळवडीला रंग काढायला तासन्‌तास आत बसतात, त्या बातम्या आपणही पेपरात वाचतोच की.

त्यात शेजारचे भावोजी, ते हो, रिटायर्ड मास्तर, विज्ञान शिकवायचे. ते कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडूनच बसले. बाथरूम 4 फूट बाय 6, उंची 8, म्हणजे आतली हवा साडेपाच घनमीटरच्या आत. गिझर तासाला किलोभर तरी गॅस जाळतो आणि किलोभर गॅसला 12 घनमीटर हवा लागते. "अर्ध्या तासात खोली संपली, वहिनी!" मास्तरांना इतकं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जावई मात्र पुन्हा पांढरे पडले.

माझी भाची नाही का, इंग्लंडला असते? तिच्या नव्या घराला चिमणीच नाही आणि हिला हॉलमध्ये गॅसवरची, ज्वाळांची शेकोटी हवी. (आमचे हे म्हणाले, रत्नागिरीत ये, फुकट शेकून निघशील.) तर तिथे पुढून बंद काच, आणि बाहेरच्या भिंतीतून पाइपात पाइप. बाहेरच्या पाइपाने ताजी हवा जाळाला येते, आतल्याने जळलेला वायू बाहेर जातो, खोलीतल्या हवेला धक्का नाही. बॅलन्स्ड फ्लू म्हणतात त्याला. भाड्याचं घर असेल तर दरवर्षी गॅसची तपासणी घरमालकाने करून घ्यायची, कायदाच आहे. ऑक्टोबर 2022 पासून तर अशा खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही त्याने लावायचा. मी हे सांगितलं तर वैनी काय म्हणाल्या असतील? "त्यांच्याकडे असतील पैसे!" आता भिंतीला भोक पाडायला कितीसे लागतात हो?

शेवटी पडलंच. भाऊबिजेनंतर तोच पोरगा आला, गिझर नि सिलिंडर दोन्ही पडवीत नेले, आत फक्त गरम पाण्याची पाइप. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून पत्र्याचा आडोसा केलाय. पुठ्ठा काढला. वैनींची कुरकुर चालूच आहे, ऊन पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार जाते म्हणून, पण सूनबाईचं डोकं दुखायचं थांबलं ते थांबलंच. आणि ती आता गडग्याशी येऊन माझ्याशी बोलते, हे विशेष.

बरं, तुमच्याकडेही गॅसचाच आहे ना? आत की बाहेर? आत असेल तर बाहेर घ्या बाई, मी त्या पोराचा नंबर देते. आणि तोवर जाळीला काही लावलं असेल तर आजच्या आज काढा. डास चावले तर चावू देत.